कुकरच्या शिट्टीला खाली ठेवता येईल असा गेम

मी नाशिकच्या सिडकोत, पवननगरजवळ राहते. घरातच शिवणकाम करते: ब्लाउज, फॉल-पिको, युनिफॉर्मची उसवलेली शिलाई. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना फोन मला देऊन गेला, आणि त्या दुपारच्या वेळात मी गेम खेळायला शिकले. आता ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, "ताई, कोणता गेम घेऊ?" नुसतं नाव सांगून उपयोग होत नाही. एकीला आवडलेला दुसरीला नकोसा होतो. म्हणून गेम पारखायचा कसा, ते मी सांगते.

माझी पहिली अट एकच. गेम अर्ध्यात सोडता आला पाहिजे. कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी माप द्यायला आलं, तर फोन उलटा ठेवून उठता यायला हवं आणि परत आल्यावर डाव जिथे होता तिथेच सापडायला हवा. घरातल्या बाईला सलग अर्धा तास मिळतो कधी? म्हणून नवा गेम घेतला की पहिल्याच दिवशी मी मुद्दाम मध्येच उठते. चहा करते, दहा मिनिटांनी परत उघडते. डाव शाबूत असेल तर गेम पुढच्या परीक्षेला बसतो.

उदाहरणच घ्यायचं तर २०४८. चार बाय चारची चौकट, सारखे आकडे एकमेकांवर सरकवायचे: दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असं करत २०४८ पर्यंत पोचायचं. इटलीच्या गॅब्रिएले चिरुल्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तो मार्च २०१४ मध्ये केला. वेळेचं बंधन नाही, कुणी समोर वाट बघत नाही. सुडोकूचंही तसंच. याउलट लुडो. आपल्याकडे सगळ्यांच्या फोनमध्ये असणारा लुडो किंग नवी मुंबईच्या गेमशनने २०१६ मध्ये आणला. तोच लुडो अनोळखी माणसाबरोबर ऑनलाइन खेळलात तर तुमच्या पाळीचं घड्याळ चालू राहतं, उठलात की पाळी गेली. फोनशी खेळा, नाहीतर घरात चौघांनी एकच फोन हातोहात फिरवून खेळा, मग घाई नसते. गेम तोच असला तरी खेळायची पद्धत बदलली की तो पास होतो, हे ध्यानात ठेवा.

गेम घेण्याआधी प्ले स्टोअरवर नावाखाली बघा. जाहिराती आहेत का आणि आत काही विकत घ्यायला लावतात का, हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. स्टार मोजत बसू नका. लोकांची मतं 'सगळ्यात नवीन आधी' अशी लावून आठ-दहा वाचा. गेम चांगला होता पण मागच्या महिन्यापासून जाहिराती वाढल्या, ही तक्रार तिथेच कळते. कंपनीचं नावही वाचा. २०४८ चं काम त्या मुलाने सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, त्यामुळे त्याच नावाचे पुष्कळ गेम निघाले. काही नीट आहेत, काहींत दर दोन मिनिटांनी जाहिरात. साध्या कोड्याच्या गेमने फोनमधली माणसांची यादी किंवा माइक मागितला तर 'नको' म्हणा. तेवढ्यावर गेम अडून बसला तर काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेल्या लिंकवरून गेम घेऊच नका. आणि 'खेळा, पैसे कमवा' म्हणणाऱ्याला तर हातच लावू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे.

आता बोटांबद्दल, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. सुई धरून धरून माझ्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक निबर झालंय. सुरुवातीला मी बोट टेकवायची आणि फोनला कळायचंच नाही. मला वाटायचं फोन बिघडला. मुलाने समजावलं की काचेखाली विजेचं अगदी बारीक जाळं असतं, बोट टेकलं की तिथला भार थोडासा बदलतो आणि फोनला जागा कळते. कोरडं, जाड कातडं असेल तर तो बदल कमी पडतो. ओलं बोट असेल तर पाणीही भार ओढतं आणि फोन गोंधळतो. म्हणून भांडी घासून आल्यावर हात पूर्ण कोरडे करा. थंडीत, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, बोटांना खोबरेल लावून पुसून घ्या, फरक जाणवतो. नखाने नाही, बोटाच्या गादीने खेळा. काचेवर जाड संरक्षक काच चिकटवली असेल तर काही फोनच्या सेटिंगमध्ये स्पर्श जास्त तीव्र करायची सोय असते, ती चालू करा. एवढं करूनही छोट्या गोट्या हुकत असतील तर दोष तुमचा नाही. तो गेम मोठ्या बोटांसाठी बनवलेलाच नाही. दुसरा घ्या.

दुसरी परीक्षा घाटात होते. माझी बहीण कल्याणला असते, तिच्याकडे पंचवटी एक्स्प्रेसने जाते. इगतपुरी सोडली आणि कसारा घाटातले बोगदे सुरू झाले की नेट जातं. तिथे निम्मे गेम गोल फिरत बसतात. घरी बसून हे तपासायचं तर फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि गेम उघडा. उघडला, चालला, तर प्रवासाला उपयोगाचा. नेट नसलं की बहुतेक जाहिरातीही येत नाहीत आणि डेटा वाचतो. मात्र असा गेम काढून टाकला तर त्यातली प्रगतीही जाऊ शकते.

पैशाचं मात्र कान देऊन ऐका. मागे मी एक रंग जुळवायचा गेम घेतला. जाहिराती बंद हव्या असतील तर तीन दिवस फुकट, असं लिहिलं होतं. मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी गेम आवडला नाही म्हणून काढून टाकला आणि विसरले. पैसे दर आठवड्याला जात राहिले. महिन्याने बँकेचा मेसेज नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, दोन अस्तराच्या ब्लाउजची शिलाई गेली होती. मला फार वाईट वाटलं. गेम काढला म्हणजे वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर बोट टेकवा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा आणि तिथून रद्द करा. त्याच फोटोखालच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय असते, तीही चालू ठेवा. नातवंडांच्या हातात फोन देणाऱ्यांनी तर आजच.

जाहिरात आली की घाई करू नका. बंद करायची फुली काही सेकंदांनी कोपऱ्यात येते, त्याआधी दिसणारी फुली कधीकधी खोटी असते आणि दाबली की भलतंच पान उघडतं. उघडलंच तर मागे या, 'इन्स्टॉल' दाबू नका.

वेळेचं म्हणाल तर काही गेम स्वतःच थांबवतात. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात, गेलेला एक जीव अर्ध्या तासाने परत येतो. लोक त्यावर चिडतात, मी ते बरं समजते. पाच संपले की मशीनवर बसते. जे गेम थांबवत नाहीत त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे. तिथे एकेका गेमला वीस मिनिटं अशी मुदत लावता येते. मुदत संपली की तो रात्री बारापर्यंत उघडत नाही.

एका वेळी एकच नवा गेम घ्या आणि त्याला एक आठवडा द्या. मी रविवारी बघते: या आठवड्यात मी तो स्वतःहून उघडला, की त्याने घंटी वाजवून बोलावलं म्हणून? घंटी वाजवणाऱ्याच्या सूचना आधी बंद करते. तरी आठवण आली तर ठेवते, नाही आली तर चित्रावर बोट दाबून धरून काढून टाकते. सध्या माझ्याकडे २०४८, सुडोकू आणि भाचीने सुचवलेला एक लोकरीचे धागे उकलायचा गेम आहे. तो अजून घाटात नेलेला नाही.