कुकर फुटून इजा झाल्यास भरपाईचा दावा कसा उभा करावा

प्रेशर कुकर फुटून घरात कोणाला भाजले, तर पहिले काम अर्थातच उपचाराचे असते; परंतु त्याच दिवशी घरातील दुसऱ्या कोणीतरी फुटलेला कुकर जपून ठेवण्याचे काम हाती घ्यावे. आधी ओटा, शेगडी, भिंत आणि कुकर ज्या स्थितीत पडला असेल ती स्थिती यांची छायाचित्रे काढावीत. मग भांडे, झाकण, रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इकडेतिकडे उडालेला प्रत्येक तुकडा न घासता, न धुता एका खोक्यात बंद करून ठेवावा. भरपाईच्या दाव्याची सर्वांत मोठी भिस्त या वस्तूवर असते, आणि दुर्दैवाने लोक नेमकी तीच भंगारात देतात किंवा ‘नवीन देतो, जुना द्या’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हवाली करतात. कंपनीचा माणूस पाहणीसाठी आला, तर त्याला घरीच, आपल्यासमोर पाहणी करू द्यावी. कुकर मात्र नेऊ देऊ नये.

रुग्णालयात इजा कशी झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि केसपेपरवर ‘कुकर फुटल्याने भाजले’ अशी नोंद झाली आहे ना, हे पाहून घ्यावे. नुसते ‘भाजले’ एवढेच लिहिलेले असेल, तर इजेचे कारण कोणते यावरच पुढे वाद घातला जातो. पोलिसांत नोंद झाली असल्यास तिची प्रत घ्यावी. औषधांची बिले, बुडालेल्या पगाराचा दाखला आणि खरेदीची पावती एकत्र ठेवावी. पावती सापडत नसेल, तर ऑनलाइन व्यवहाराची किंवा बँक खात्यातील नोंद उपयोगी पडते.

या दाव्याचा आधार म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019. त्याच्या सहाव्या प्रकरणात, कलम 82 ते 87 मध्ये, सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी कोणावर येते हे सांगितले आहे. कलम 84 नुसार वस्तू बनवताना दोष राहिला असेल, तिची रचनाच सदोष असेल, ठरलेल्या मापदंडापासून फारकत घेतली असेल, दिलेली हमी पाळली गेली नसेल किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा दिला नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. आणि लेखी-तोंडी स्पष्ट हमी देताना आपला निष्काळजीपणा झाला नव्हता, असे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. विक्रेत्यावरची जबाबदारी मर्यादित आहे. त्याने वस्तूत बदल केला असेल, स्वतः वेगळी हमी दिली असेल, तपासणीत वाजवी काळजी घेतली नसेल किंवा उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तेव्हा कलम 86 खाली तो कचाट्यात येतो. म्हणून तक्रारीत उत्पादक आणि विक्रेता या दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे.

कुकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी. घरगुती प्रेशर कुकरला आयएस 2347 हे मानक आणि आयएसआय चिन्ह 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचे आहे. आपल्या कुकरवर ते चिन्ह आणि परवाना क्रमांक आहे का, हे पाहून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळावा. 1 फेब्रुवारी 2021 नंतर बनवलेल्या कुकरवर चिन्हच नसेल किंवा क्रमांक खोटा निघाला, तर तक्रारीला फार मोठे बळ मिळते.

दावा कोण करू शकतो, याबद्दल गैरसमज आहेत. पावती ज्याच्या नावाची, तोच ग्राहक, असे नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो. त्यामुळे सासऱ्यांनी आणलेल्या कुकरने भाजलेली सून दावा करू शकते, आणि घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही या व्याख्येवर बोट ठेवून दाद मागता येते, ही बाब त्यांना कोणीतरी सांगायला हवी. पोटापाण्यासाठी स्वतः डबे करून देणारी व्यक्तीही या कायद्याबाहेर नाही. मृत्यू झाल्यास वारसांना, अज्ञान मुलाला इजा झाल्यास पालकांना तक्रार करता येते. शेजारून आलेल्या, कुकर न वापरणाऱ्या पाहुण्याला इजा झाली, तर मात्र त्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागेल.

तक्रार आपण राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करता येते. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आहे. म्हणजे अडीच हजारांच्या कुकरसाठी कितीही भरपाई मागितली, तरी प्रकरण जिल्हा आयोगातच चालते. 5 लाखांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडावा, पण त्यावर विसंबून राहू नये.

तक्रारीत उपचारखर्च, पुढील शस्त्रक्रियांचा अंदाजित खर्च, बुडालेले उत्पन्न आणि शारीरिक इजेसोबतचा मनस्ताप यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. खुद्द कुकरची किंमत या कायद्यातील ‘हानी’त मोडत नाही, ती सदोष मालाची तक्रार म्हणून स्वतंत्रपणे मागावी. तक्रारीसोबतच, कुकर सीलबंद करून प्रयोगशाळेत तपासणीस पाठवावा, असा कलम 38 खालील अर्ज करावा. प्रयोगशाळेचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते आणि अहवाल 45 दिवसांत अपेक्षित असतो. सामनेवाल्यांना उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, त्यात फार तर आणखी 15 दिवसांची वाढ होते. 45 दिवसांपलीकडे आयोगाला ती वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

‘तुम्ही कुकर चुकीचा वापरला’ हा बचाव जवळजवळ हमखास येतो. कलम 87 नुसार वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही, आणि उत्पादकही तोच मुद्दा पुढे करतो. बाजारातली दुसऱ्याच कंपनीची रिंग बसवली होती का, सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदलला, याची उत्तरे पुराव्यासह तयार ठेवावीत. खरी परिस्थिती दडवू नये, कारण प्रयोगशाळेच्या अहवालात ती बाहेर येते.

निकाल बाजूने लागल्यावर समोरच्याने राज्य आयोगाकडे अपील केले, तर त्याला आदेशातील रकमेचा अर्धा भाग आधी जमा करावा लागतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती असेल, तर त्याच जिल्हा आयोगात कलम 71 खाली वसुलीची दरखास्त आणि कलम 72 खाली शिक्षेचा अर्ज दाखल करता येतो. कलम 72 मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.