अमेरिकेत घर बदललंत? आधी बँकेतला पत्ता बदला

कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं बरोबर भरलंय आणि तरी पैसे जात नाहीत? अमेरिकेत अशा वेळी बिलिंग पत्ता, म्हणजे कार्डासाठी बँकेत नोंदवलेला पत्ता, तपासा. आपल्याकडे ओटीपी येतो. तिथली बरीच दुकानं त्याऐवजी तुम्ही भरलेला पत्ता बँकेकडच्या नोंदीशी ताडून बघतात. या तपासणीला एव्हीएस म्हणतात. तीत मुख्यतः आकडेच जुळवतात: घर क्रमांक आणि झिप कोड (तिथला पिन कोड). न्यू जर्सीतल्या एडिसनमधला पत्ता '२१५ मेपल स्ट्रीट, ०८८२०' असेल, तर २१५ आणि ०८८२० चुकता कामा नये. 'स्ट्रीट' पूर्ण लिहिलं की आखूड, त्यानं सहसा अडत नाही. अपार्टमेंटचा नंबर मात्र दुसऱ्या ओळीत टाका. तो सुरुवातीलाच लिहिला तर तोच घर क्रमांक समजला जाऊ शकतो.

नवीन घरी गेल्यावर पोस्टात पत्ता बदलला म्हणजे बँकेतही बदलला असं नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो वेगळा बदलावा लागतो. सामान मित्राकडे मागवायचं असेल तर मित्राचा पत्ता फक्त डिलिव्हरीसाठी द्या, बिलिंगला बँकेतलाच ठेवा.

आणि कृपा करून पुन्हापुन्हा बटण दाबू नका, विशेषतः डेबिट कार्ड असेल तर. ऑर्डर रद्द झाली तरी दर प्रयत्नाची रक्कम काही दिवस अडकून राहू शकते. विद्यार्थ्यांचे त्यात फार हाल होतात.

भारतातलं कार्ड पेट्रोल पंपावर झिप कोड मागून अडलं, तर सरळ आत कॅशियरकडे जाऊन पैसे भरा.