टाटा इस्टेट रोज चालवायला घेताय? मग या क्रमानं बघा

टाटा इस्टेट ही टाटांची जुनी स्टेशन वॅगन. ती बघायला जाल तेव्हा बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. ऐकायला उलटं वाटेल, पण 1992 साली आलेल्या या गाडीचं 1948 सीसीचं डिझेल इंजिन पुढे सुमोत लागलं त्याच घराण्यातलं आहे, आणि सुमो खोललेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. सापडत नाही ती मागची लांब काच, डिक्कीचं रबर आणि धड पत्रा. म्हणून आधी कागद, मग पत्रा आणि काचा, मग बाकीचं.

आरसी मूळ बघा, मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे 1995 ची गाडी 2010, 2015, 2020 आणि 2025 अशी चार वेळा आरटीओत उभी राहिलेली हवी. मध्येच एखादी मुदत हुकली असेल तर दंड आणि पर्यावरण कर कोण भरणार, हे सौद्याआधी बोलून घ्या. जुन्या गाडीवर बँकेचा बोजाही राहून गेलेला असतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद उतरवलेली नसते. फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेचं पत्र मालकालाच आणायला लावा, ते हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीशिवाय (ना-हरकत दाखल्याशिवाय) पुढे जाऊच नका.

आता खिशातून कोरा कागद आणि शिसपेन्सिल काढा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवरची माती फडक्यानं पुसा, कागद घट्ट दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. आकडे सुटे सुटे उमटले पाहिजेत. गंजामुळे 3 आणि 8 सारखेच दिसत असतील तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते. आणि हो, नंबर उठावा म्हणून तिथं पॉलिश पेपर मारू नका. खाडाखोड केल्याचा संशय येतो.

पत्र्यासाठी छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. दाराची खालची कड, चाकांवरच्या कमानी, छताची पन्हळ, पुढच्या काचेच्या रबराभोवतीचा भाग अशा सगळ्या ठिकाणी ते लावून बघा. चिकटत नसेल तिथं रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी असेल तर चालेल, इतक्या वर्षांत गाडी कुठंतरी घासणारच. पण खालच्या पट्टीभर चुंबक घसरत असेल तर गाडी सोडा, रंग कितीही चकचकीत असो. पायपुसणी उचलून तळ हातानं दाबा. मग मालकाला छतावर दोन बादल्या पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही आत मागच्या सीटवर बसा. थेंब कुठून येतो ते तिथूनच कळतं. आतून काचांच्या कडांना बोट फिरवा.

इंजिन थंड असतानाच चालू करायचं, तसं आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग धड असतील तर थोडं थांबून किल्ली फिरवली की इंजिन लागलीच धरतं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. धूर भकाभका येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय आणि इंजिनाचं काम निघणार. त्याचा खर्च किमतीतून वजा करा. घाट जवळ असेल तर एकदा चढवाच आणि सगळं लक्ष तापमानाच्या काट्यावर ठेवा. रोजच्या गर्दीत ही गाडी रेडिएटरवर तगते.

ब्रेकची परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर ब्रेकला जोर देणारे बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप ठीक. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, टायरवरचा वर्षाचा आकडा हे मेकॅनिककडून बघून घ्या. एसीत जुना आर-12 गॅस आहे की बदल केलाय, तेही विचारा. एअरबॅग आणि एबीएस या गाडीत नाहीत. म्हणून मुलं बसणार असतील तर सीट बेल्ट नवे बसवूनच ती रस्त्यावर काढा, यात मी तडजोड करत नाही.

मेकॅनिक गाडी घेण्याआधी ठरवा, नंतर नाही. किमतीच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं, फिल्टर, पाण्याचे आणि डिझेलचे होज पाइप, फॅन बेल्ट बदला आणि जुना बेल्ट डिक्कीत राहू द्या. महिनाभर घरची दुसरी गाडी विकू नका. मेअखेरीच्या आत तळाला गंजरोधक कोटिंग करून घ्या आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा.