कव्हरेजच्या मोजणीत स्क्रिप्ट आणि मॉड्यूल प्रोग्राममधूनच कसे चालवावे

कव्हरेज म्हणजे पायथनचा प्रोग्राम चालताना त्यातल्या किती आणि कुठल्या ओळी चालल्या ते मोजणारं साधन. टर्मिनलवर ‘कव्हरेज रन’ लिहून काम भागत असेल तर तेच करा, पुढचं वाचायची गरज नाही. रनर फाइल, म्हणजे मोजणी चालू करून स्क्रिप्ट चालवणारी आपली फाइल, लिहायची वेळ येते ती आपलाच प्रोग्राम दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट चालवणार असेल तेव्हा. उदाहरणार्थ, नांदेड-लातूरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये वर्गातला प्रत्येक प्रकल्प वेगवेगळे आर्ग्युमेंट देऊन चालवायचा आहे आणि प्रत्येकाची टक्केवारी बघून पुढचं ठरवायचं आहे.

उदाहरण एकच घेऊ. ‘मंडळ’ नावाचं पॅकेज आहे. त्यात ‘पाऊस.पाय’ ही मुख्य स्क्रिप्ट आणि तिच्या शेजारी ‘निकष.पाय’. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हा नियम निकषमध्ये लिहिला आहे. बीड, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांच्या आकड्यांची फाइल स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून मिळते. (कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांत लिहायची.)

पायरी १. कव्हरेज ऑब्जेक्ट तयार करा

सोर्समध्ये, म्हणजे काय मोजायचं त्यात, ‘मंडळ’ फोल्डर द्या आणि ब्रँच ट्रू ठेवा, म्हणजे ‘इफ’च्या दोन्ही वाटा चालल्या का तेही मोजलं जाईल. सोर्स दिला की एकदाही न चाललेल्या फाइलसुद्धा ० टक्के म्हणून अहवालात दिसतात. तो दिला नाही तर त्या फाइल गायबच राहतात आणि टक्केवारी फुगते. रनर फाइल या फोल्डरच्या बाहेर ठेवा.

पायरी २. आधी स्टार्ट, मग आयात

पायथनमध्ये वरच्या पातळीवरच्या ‘डेफ’, ‘क्लास’ आणि ‘इम्पोर्ट’ या ओळी मॉड्यूल आयात होताना चालतात, फंक्शन बोलावताना नाही. रनरच्या माथ्यावर एखाद्या स्थिरांकासाठी ‘निकष’ आयात केलं आणि नंतर कव्हरेजची मोजणी स्टार्ट केली, तर फंक्शनच्या आतल्या ओळी हिरव्या (चाललेल्या) आणि त्यांची ‘डेफ’ ओळ लाल (न चाललेली) असा विचित्र अहवाल येतो. असा अहवाल दिसला की दुसरीकडे शोधत बसू नका, आयात आधी झालेली आहे.

यावर ‘सिस.मॉड्यूल्समधून (आयात झालेल्या मॉड्यूलांच्या नोंदीतून) ते मॉड्यूल काढून टाका’ असा उपाय सुचवला जातो. तो करू नका. त्याने एकाच क्लासच्या दोन प्रती तयार होतात आणि ‘इजइन्स्टन्स’ची, म्हणजे वस्तू त्या क्लासची आहे का याची, तपासणी कुठेतरी लांब जाऊन फसते. रनरमध्ये मोजायचं काहीही आयात करायचं नाही, एवढाच नियम पाळा.

पायरी ३. स्क्रिप्टला तिचं घर जसंच्या तसं द्या

बहुतेक जण अडकतात ते इथे. फाइल वाचून ‘एक्झेक’मध्ये, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनमध्ये, ओतणं म्हणजे स्क्रिप्ट चालवणं नव्हे. पायथन स्वतः स्क्रिप्ट चालवतो तेव्हा काही गोष्टी गुपचूप मांडून ठेवतो. त्या सगळ्या रनरला मांडाव्या लागतात.

नाव ही पहिली गोष्ट, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या नावाने चालते ते. प्रमाण लायब्ररीतलं ‘रनपाय’ मॉड्यूल वापरा. फाइलसाठी ‘रन_पाथ’, मॉड्यूलसाठी ‘रन_मॉड्यूल’. दोन्हींना ‘रन_नेम’ स्पष्ट द्यायचं आणि त्यात दोन-दोन अंडरस्कोरांमधलं ‘मेन’ लिहायचं. ते विसरलात तर स्क्रिप्टच्या तळाचा ‘इफ नेम बरोबर मेन’ हा भाग चालतच नाही. एरर येत नाही, फंक्शनं नुसती तयार होतात आणि टक्केवारी का कमी आली ते कळत नाही.

दुसरी गोष्ट सिस.पाथ, म्हणजे मॉड्यूल कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी. थेट चालवलेल्या स्क्रिप्टसाठी पायथन त्या यादीत पहिल्या जागी स्क्रिप्टचा फोल्डर ठेवतो. ‘रन_पाथ’ला साधी फाइल दिली तर ते हे काम करत नाही. मग पाऊस.पायमधली ‘इम्पोर्ट निकष’ ही ओळ ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ देऊन थांबते. कारण पहिल्या जागी अजून रनरचाच फोल्डर असतो. तिथे स्क्रिप्टच्या फोल्डरचा पूर्ण पाथ ठेवा. मॉड्यूल म्हणून चालवताना मात्र त्या जागी चालू फोल्डर लागतो, कारण ‘डॅश एम’ने चालवल्यावर पायथन तेच करतो. दोन्ही प्रकारांना एकच पाथ देणारा रनर कुठल्या तरी एका प्रकारात हमखास चुकतो.

तिसरी, सिस.आर्गव्ही, म्हणजे प्रोग्रामला मिळालेल्या आर्ग्युमेंटची यादी. ही यादी पूर्ण बदला. पहिला घटक स्क्रिप्टचा पाथ, पुढे तिचे आर्ग्युमेंट. नाहीतर रनरला दिलेले आर्ग्युमेंट स्क्रिप्ट आपलेच समजते. ‘रन_मॉड्यूल’ला ‘ऑल्टर_सिस’ ट्रू द्या, म्हणजे पहिला घटक तेच भरेल आणि ‘मेन’ नावाखाली तात्पुरतं मॉड्यूल उभं राहील. उरलेले आर्ग्युमेंट तुम्हीच भरायचे. काम झाल्यावर दोन्ही याद्या पूर्ववत करा.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त डेटा बुडवते, ती म्हणजे बाहेर पडणं. स्क्रिप्टने ‘सिस.एक्झिट’ म्हटलं की ‘सिस्टिमएक्झिट’ हा अपवाद उठतो. तो ‘एक्सेप्शन’चा वारस नाही, ‘बेसएक्सेप्शन’चा आहे. म्हणून ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ त्याला अडवत नाही आणि रनर मध्येच संपतो. स्टॉप आणि सेव्ह या दोन्ही ओळी ‘फायनली’मध्येच हव्यात. सिस्टिमएक्झिट वेगळा पकडा आणि त्याचा कोड वाचा: नन म्हणजे ०, पूर्णांक असेल तर तोच, मजकूर असेल तर तो एररच्या प्रवाहात छापून कोड १. बाकीचे अपवाद गिळू नका, मोजणी सेव्ह झाल्यावर वर जाऊ द्या. कव्हरेज ७.३ किंवा नंतरचं असेल तर स्टार्ट-स्टॉपऐवजी ‘विथ’सोबत ‘कलेक्ट’ वापरता येतं. सेव्ह तरीही आपणच करायचं.

पॅकेज आयात होताना आधी चालणाऱ्या त्याच्या ‘इनिट’ फाइलमध्येच ‘पाऊस’ आयात केलेलं असेल, तर ‘मंडळ.पाऊस’ मॉड्यूल म्हणून चालवताना ‘रंटाइमवॉर्निंग’ येते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. तीच फाइल दोनदा चालते आहे, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा मेन म्हणून. वरच्या पातळीवर फाइल उघडणारा कोड असेल तर तोही दोनदा चालेल. इनिटमधली ती आयात काढा.

कव्हरेजच्या आत ‘एक्झेकफाइल’ नावाचं मॉड्यूल आहे आणि त्यातला ‘पायरनर’ हीच सगळी मांडामांड करतो. तो वाचा, शिकण्यासारखा आहे. पण आयात करून त्यावर आपला रनर उभारू नका. तो सार्वजनिक एपीआयचा, म्हणजे बाहेरच्यांनी वापरायला दिलेल्या भागाचा, हिस्सा नाही, पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो.

पायरी ४. एक स्क्रिप्ट, एक प्रोसेस

दुसरी स्क्रिप्ट त्याच प्रोसेसमध्ये नव्या कव्हरेज ऑब्जेक्टखाली चालवली तर ‘निकष’ आधीच आयात झालेलं असतं आणि पायरी २ चा घोळ परत सुरू होतो. प्रत्येक स्क्रिप्टसाठी रनर नव्या प्रोसेसमध्ये चालवा आणि ‘डेटा_सफिक्स’ ट्रू द्या, म्हणजे प्रत्येकाची डेटा फाइल वेगळी राहील. एकत्रित आकडा हवा असेल तरच शेवटी ‘कव्हरेज कंबाइन’ करा.

स्क्रिप्ट स्वतःच पायथनची उपप्रोसेस सुरू करत असेल, तर तिच्यातल्या ओळी आपोआप मोजल्या जात नाहीत. कव्हरेज ७.१० पासून कॉन्फिग फाइलच्या ‘रन’ विभागात ‘पॅच’ला ‘सबप्रोसेस’ दिलं की ते काम होतं.

पायरी ५. अहवाल

‘रिपोर्ट’ बोलवा, ‘शो_मिसिंग’ ट्रू ठेवा. एकूण टक्केवारी त्याच्या परतीच्या मूल्यात मिळते, छापलेला मजकूर कापत बसू नका.

ब्रँच चालू ठेवायला सांगितलं त्याचं कारण इथे दिसतं. चाचणीच्या फाइलमध्ये सगळी मंडळं ७० आणि ९० मिलिमीटरची असतील आणि ‘६५ पेक्षा जास्त’ या ‘इफ’ला ‘एल्स’ नसेल, तर साधी मोजणी १०० टक्के दाखवते. ब्रँचची मोजणी तीच ओळ अर्धवट चाललेली म्हणून दाखवते. आकड्यांत ४० चं एक मंडळ घाला म्हणजे दुसरी वाट चालेल. नेमकं ६५ चं मंडळही घाला. ते नसेल तर ‘जास्त’च्या जागी ‘जास्त किंवा बरोबर’ लिहिलेली चूक कुठल्याच टक्केवारीत दिसणार नाही.

रनर नवा असताना तीच स्क्रिप्ट, तेच आर्ग्युमेंट आणि तोच सोर्स देऊन एकदा टर्मिनलवरून ‘कव्हरेज रन’ने चालवा आणि दोन्हींच्या न चाललेल्या ओळी ताडून बघा. तळाच्या ओळी वेगळ्या आल्या तर नाव चुकलं आहे, ‘डेफ’च्या ओळी वेगळ्या आल्या तर आयात आधी झाली आहे, आणि आर्ग्युमेंट वाचणाऱ्या फांद्या वेगळ्या आल्या तर आर्गव्ही.