पोळी-भाजी केंद्र सुरू करताना: जागा, हिशेब आणि मऊ पोळी

पोळी-भाजी केंद्राकडे लोक भाजीसाठी येतात असं वाटतं. प्रत्यक्षात भाजी बऱ्याच घरी होतेच. कंटाळा येतो तो कणीक मळायचा आणि पोळ्या लाटायचा. म्हणून धंद्याचा हिशेब पोळीवर मांडायचा आणि भाजी जोडीला धरायची. उलट केलं की चार-पाच भाज्यांची रोजची उस्तवार, रात्री उरलेली पातेली आणि हातात शिल्लक काहीच नाही, अशी गत होते.

जागा बघण्याआधी गिऱ्हाईक मोजा. ज्या भागात सुरू करायचं तिथे आधीपासून एखादं केंद्र असेल तर घाबरू नका, उलट सोय झाली. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ समोरच्या बाजूला थांबून किती माणसं येतात आणि साधारण किती पोळ्या नेतात ते मोजा. एक सोमवार, एक बुधवार, एक शनिवार आणि एक चतुर्थी किंवा एकादशी, एवढे दिवस तरी बघा. उपासाच्या दिवशी पोळीचा खप पडतो. बुधवार, शुक्रवार, रविवारी मांसाहारी घरांतून नुसत्या पोळ्यांना आणि भाकरीला मागणी येते. हा फरक आधी माहीत असला की कणीक किती मळायची हे कळतं.

त्यानंतर गाळा घेण्याआधी पंधरा दिवस घरातून आगाऊ ऑर्डरवर पोळ्या देऊन बघा, पण या चाचणीसाठीसुद्धा अन्न नोंदणी आधी करून घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दुपारी तीनपर्यंत नाव घ्यायचं, सात वाजता पोळ्या द्यायच्या. ओळखीचे लोक पहिले चार दिवस कौतुक म्हणून घेतात, ते धरू नका. दुसऱ्या आठवड्यात जे न सांगता परत मागतात, तेवढेच खरे.

गाळा

दीडशे ते दोनशे चौरस फूट पुरतात. बसून खायची सोय करू नका; टेबलं आली की पाणी, ताटं, भांडी घासणं आणि जास्तीचा माणूस आला. रस्त्याची बाजू मात्र महत्त्वाची. लोक स्टेशनवरून किंवा बसथांब्यावरून घराकडे ज्या बाजूने परततात त्याच बाजूला गाळा हवा आणि समोर दोन-तीन दुचाक्या मिनिटभर उभ्या राहतील एवढी मोकळीक हवी. चाळीस रुपयांच्या पोळ्यांसाठी कुणी रस्ता ओलांडत नाही.

करार करण्याआधी चार गोष्टी मालकाशी बोलून लेखी घ्या: पाण्याचं कनेक्शन, सांडपाण्याची मोरी, एक्झॉस्टचा धूर कुठे सोडायचा आणि अन्नाचा व्यवसाय करायला हरकत नसल्याचं पत्र. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी फोडणीच्या वासाची तक्रार केली की सगळी गुंतवणूक अडकते. भाडेकरार नोंदणीकृत करा, कारण पुढच्या प्रत्येक कागदाला तो लागतो.

कागदपत्रं

पहिलं काम अन्न सुरक्षेच्या नोंदणीचं. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, फॉसकॉस पोर्टलवर अर्ज करायचा. उलाढाल लहान असेल तर नोंदणी पुरते, मोठी असेल तर परवाना लागतो. मर्यादा बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली बघा आणि अपेक्षित उलाढाल खरी लिहा. मिळालेला चौदा अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावायचा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि वापरायच्या पाण्याचा तपासणी अहवाल फाइलला ठेवा.

दुकान नोंदणीला, म्हणजे बोलीभाषेतल्या गुमास्त्याला, महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आधार आणि पॅनवर स्वतः करता येते. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. तयार अन्न विकणं जीएसटीत सेवा धरलं जातं, त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. गॅस मात्र पहिल्या दिवसापासून १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच. घरगुती सिलिंडर दुकानात वापरणं बेकायदा आहे आणि आग लागली तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

भांडवल

शहराच्या उपनगरातला मध्यम गाळा धरून उदाहरणादाखल आकडे असे: अनामत ६०,०००, ओटा, सिंक आणि एक्झॉस्ट ४०,०००, शेगड्या व जाड लोखंडी तवे १५,०००, दहा किलोचं कणीक मळायचं यंत्र २५,०००, पातेली, पराती, डबे २०,०००, फ्रीज २०,०००, पाटी आणि कागदपत्रं १५,०००, पहिल्या पंधरवड्याचा माल १५,०००. बेरीज २,१०,०००. त्यावर तीन महिन्यांचा ठरीव खर्च, म्हणजे भाडं, वीज, मदतनीस, हप्ता, किरकोळ, बाजूला हवा; स्वतःचा पगार सोडून तो साधारण ९६,०००. बहुतेकजण ही दुसरी रक्कम धरतच नाहीत. दुकान चालायला लागतं तोवर भाडं थकतं आणि चांगली जागा सोडावी लागते.

यातले दीड लाख कर्जाने घेतले तर १२ टक्के व्याजाने तीन वर्षांचा हप्ता जवळपास ५,००० येतो. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत 'शिशु' आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' गट आहे, तारण लागत नाही. बँकेत जाताना यंत्रांची कोटेशन्स, भाडेकरार आणि खाली दिलाय तसा एका पोळीचा हिशेब घेऊन जा. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं दार उघडायला १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाची गरज पडली होती. आज नीट मांडलेल्या कागदावर एकटीला जाता येतं, पण कागद हवाच.

पोळ्या करायचं यंत्र सुरुवातीला घेऊ नका. रोज हजारभर पोळ्यांच्या आत ते पडून राहतं आणि गिऱ्हाईक हाताच्या पोळीसाठीच येतं.

एका पोळीचा हिशेब

एक किलो कणकेला ६०० ते ६५० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम तेल. मळलेला गोळा साधारण १,६५० ग्रॅम भरतो. ४८ ग्रॅमची एक लाटी धरली तर ३४ घडीच्या पोळ्या होतात. आपल्या गावचे दर घालून हे गणित पुन्हा करा; इथे दळणासकट कणीक किलोला ४८ रुपये आणि मळण्यापासून घडीपर्यंतचं तेल साडेतेरा रुपयांचं धरलं आहे. म्हणजे एका पोळीला १.८१. व्यावसायिक सिलिंडर १,८०० ला आणि त्यात ३,००० पोळ्या, म्हणजे गॅस ६० पैसे. लाटणावळ नगाला २ रुपये, बांधणी ४० पैसे. एकूण ४.८१. पोळी ९ ला विकली तर हातात ४.१९.

आता ठरीव खर्च: भाडं १२,०००, वीज २,०००, मदतनीस १०,०००, हप्ता ५,०००, साफसफाई-फोन-किरकोळ ३,०००, आणि स्वतःचा पगार २०,०००. स्वतःचा पगार न धरणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक. तो न धरता दिसणारा नफा म्हणजे आपलीच फुकटची मजुरी. बेरीज ५२,०००, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे रोजचे २,०००. नुसत्या पोळ्यांवर हे काढायचे तर रोज ४७८ पोळ्या लागतील. त्याऐवजी भाजीची २५ पाकिटं प्रत्येकी २५ रुपये सोडून गेली, की ६२५ तिथून येतात आणि पोळ्या ३३० वर भागतात. चाचणीत आणि मोजणीत एवढी मागणी दिसत नसेल तर गाळा घेऊ नका, घरूनच करा.

लाट्या वजनकाट्यावर तोलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लाटी ४८ ची ५५ ग्रॅम झाली की किलोला ३४ च्या ३० पोळ्या होतात. ३३० पोळ्यांमागे रोज ८० रुपये जातात, महिन्याला दोन हजारांच्या वर.

पोळी मऊ राहायची तर

घरची पोळी तव्यावरून ताटात जाते. विकलेली पोळी दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीच्या डब्यात खाल्ली जाते. त्यामुळे कणीक घरच्यापेक्षा सैल हवी. मळून झाल्यावर ओल्या कापडाखाली २० ते ३० मिनिटं ठेवा. गहू लोकवन किंवा सिहोर, जो घ्याल तो एकच ठेवा, दर पोत्याला पाण्याचं माप बदलायला नको. दळण गिरणीतून आलं की पीठ परातीत पसरून थंड करा. गरम पीठ डब्यात कोंडलं तर त्याला घाम सुटतो आणि वास येतो.

तवा कमी तापलेला असेल तर पोळी त्यावर जास्त वेळ राहते, सुकते आणि पापडासारखी होते. तव्यावरून काढलेली पोळी दोन-तीन मिनिटं जाळीवर निवू द्या, मगच सुती कापड घातलेल्या डब्यात. गरमागरम पोळी थेट फॉइलमध्ये गुंडाळली की वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन पोळ्या ओल्या चिकट होतात. तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक "पोळी कच्ची होती" म्हणतं, पण बहुतेक वेळा ती बांधणीत बिघडलेली असते. वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नाला लागते. बटर पेपर वापरा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंडही होतो, तेव्हा पिशवी गिऱ्हाइकालाच आणायला सांगा.

भाजी

रोज दोनच: एक उसळ, एक सुकी. उसळ सगळ्यात भरवशाची, कारण कडधान्याचे भाव भाजीबाजारासारखे रोज उडत नाहीत. एक किलो मटकी मोड येऊन दोन किलोच्या आसपास भरते, रश्श्यासकट तीन किलो उसळ होते. २०० ग्रॅमची पंधरा पाकिटं, पाकिटाला खर्च २० च्या आत. याउलट एक किलो भेंडी चिरून परतून साडेसहाशे ग्रॅमवर येते. जेमतेम तीन पाकिटं, खर्च ३४. दोन्ही पन्नासलाच विकायची असतात. भेंडी, गवार हौस म्हणून आठवड्यातून एकदा करा, रोज नाही.

उन्हाळ्यात ओलं खोबरं घातलेली भाजी आधी आंबते. एप्रिल-मेमध्ये दाण्याचं कूट किंवा सुकं खोबरं वापरा. भाजी ६० अंशांच्या वर गरम तरी ठेवा, नाहीतर परातीत पसरून झटपट गार करून फ्रीजमध्ये. मोठ्या पातेल्यात झाकण लावून ओट्यावर ठेवलेली भाजी मधोमध कोमटच राहते आणि तिथेच बिघडते. रात्रीची भाजी दुसऱ्या दिवशी विकू नका. नऊनंतर उरली तर कामाच्या बायकांना द्या.

माणसं

पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात तासाला साधारण पन्नास पोळ्या देतो. ३३० साठी दोघी हव्यात, साडेतीन-साडेतीन तास. एकीवर अवलंबून राहिलात तर तिच्या गावच्या जत्रेला तुमचं दुकान बंद. तिसरी ओळखीची बाई सुट्टीच्या दिवसांपुरती सांगून ठेवा. नगावर पैसे देत असाल तर मोजणी दोघांसमोर, वहीत आणि रोजच्या रोज. खप पडला तरी किमान शंभर नगांचे पैसे ठरवा, नाहीतर चांगला हात दुसरीकडे जातो.

उधारी ठेवू नका. रोज नेणाऱ्यांना शंभर पोळ्यांचं आगाऊ कार्ड द्या आणि पाच पोळ्या जास्त मोजा. पैसे आधी येतात आणि गिऱ्हाईक बांधलं जातं. अॅपवरून घरपोच देण्याच्या नादाला सुरुवातीला लागू नका, त्यांचं कमिशन वजा जाता नऊची पोळी परवडत नाही.

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत लोक गावी जातात, खप बराच उतरतो. दिवाळीआधी फराळाच्या आणि होळीला पुरणपोळीच्या ऑर्डर आठ दिवस आधी निम्मे पैसे घेऊनच घ्या. दर वाढवायचा असेल तर जूनमध्ये, शाळा-कॉलेजं सुरू होताना, एकदम एक रुपयाने वाढवा. पाटी आठ दिवस आधी लावा, आणि कार्डावर शिल्लक असलेल्या पोळ्या जुन्याच दराने द्या.