अपग्रेड करताना जुन्या पॅकेजची स्क्रिप्ट नंतर चालते

फोंड्यातल्या एका दुकानासाठी मी बिलिंगचं आरपीएम पॅकेज (रेड हॅट, फेडोरासारख्या लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायचा गठ्ठा) बनवलं होतं. चवथीच्या तोंडावर अपग्रेड केलं आणि सर्व्हिसच (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बंद. काउंटरवर ही गर्दी! चूक माझ्या स्क्रिप्टची, म्हणजे पॅकेज बसवताना-काढताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची होती. आरपीएम आधी नवं पॅकेज बसवतं, त्याची पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवतं आणि त्यानंतर जुन्याच्या अनइन्स्टॉल स्क्रिप्ट. नव्या पॅकेजने सुरू केलेली सर्व्हिस जुन्याच्या स्क्रिप्टने थांबवून डिसेबल केली, म्हणजे मशीन सुरू होताना ती आपोआप चालू होणंही बंद केलं.

म्हणून स्क्रिप्टला मिळणारं पहिलं आर्ग्युमेंट (चालवताना तिला दिलेली किंमत) तपासाच. अनइन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्ये ० म्हणजे पॅकेज खरंच काढलं जातंय, १ म्हणजे अपग्रेड. थांबवणं-पुसणं फक्त ० असताना. इन्स्टॉलच्या बाजूला १ म्हणजे पहिल्यांदा बसवणं, २ म्हणजे अपग्रेड. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये आकड्यांऐवजी ‘अपग्रेड’, ‘रिमूव्ह’ (काढणं), ‘पर्ज’ (सेटिंगांसकट पूर्ण काढणं) असे शब्द येतात; डेटा पुसायचा तर पर्जलाच.

सदोष पॅकेज आधीच गिऱ्हाइकाकडे पोचलं असेल, तर नव्यात अनइन्स्टॉल स्क्रिप्ट सुधारून या खेपेला उपयोग नाही, कारण चालणार ती जुनीच. अशा वेळी नव्या पॅकेजच्या पोस्टट्रान्स स्क्रिप्टमध्ये सर्व्हिस पुन्हा एनेबल करून सुरू करा. ती सगळ्यांत शेवटी चालते. आणि चाचणी कोऱ्या मशीनवर नको, जुनी आवृत्ती बसवलेल्या मशीनवर करा.