पीडीएफवरून परत एडिट होणारा लेआउट बनवायचा कसा

पीडीएफ हातात आहे, मूळ इनडिझाइन (अडोबीचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फाइल कुठेच सापडत नाही आणि मजकुरात बदल करून परत छापायचंय, लेआउटचं काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. डिझाइन करणारा काम सोडून गेलेला असतो, नाहीतर हार्ड डिस्क उडालेली असते, आणि मग शोध सुरू होतो की असं काही सॉफ्टवेअर मिळेल का ज्यात पीडीएफ टाकली की सगळी पानं जशीच्या तशी एडिट करता येतील अशी बाहेर येतील. अशी सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, मी नेहमी वापरतो. पण कन्व्हर्जन स्वतः दोन-चार मिनिटांचं असतं, खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं, म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितोय.

सुरुवात एका फोनने करा. ज्याने फाइल बनवली त्याच्याकडे, छापणाऱ्याकडे, कुणाच्या जुन्या मेलमध्ये, जिथे शक्य असेल तिथे मूळ फाइल मागा, आणि मागताना नुसती इनडिझाइनची फाइल नको तर सोबत आयडीएमएल, फॉन्ट आणि फोटो असं पूर्ण पॅकेज मागा. आयडीएमएल म्हणजे इनडिझाइनच्याच लेआउटची देवाणघेवाणीसाठीची प्रत, आणि ती का, तर ती जुन्या-नव्या आवृत्तीत उघडते, इनडिझाइनच्या सीएस४ आवृत्तीपासून चालते. आणि हो, पीडीएफ दुसऱ्याच्या मालकीची असेल किंवा त्यावर एडिटिंगचा पासवर्ड असेल तर आधी परवानगी घ्या.

मूळ फाइल नाहीच मिळाली तर पुढे जाऊ, पण एक गोष्ट समजून घ्या म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. पीडीएफ १९९३ साली अडोबीने आणली ती पान कुठल्याही मशीनवर सारखंच दिसावं म्हणून, आणि २००८ मध्ये ती आयएसओ मानक झाली तरी तिचा हेतू तोच राहिला. आत काय लिहिलेलं असतं तर हा फॉन्ट घे, ही साइज घे, पानाच्या या बिंदूवर हे अक्षर-आकार ठेव, मग थोडं सरक, पुढचे ठेव. परिच्छेद, स्टाइल, एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये वाहणारा मजकूर, मास्टर पेज (पानांवर सारखा येणारा साचा) यातलं काहीही साध्या पीडीएफमध्ये नसतं. टेबलसुद्धा नसतं, नुसत्या रेघा असतात आणि रेघांच्या मधे ठेवलेले शब्द असतात. टॅग केलेली पीडीएफ असेल तर शीर्षक, परिच्छेद अशा खुणा मिळू शकतात, पण छपाईसाठी बनवलेल्या फायलींत त्या बहुतेक वेळा नसतात. म्हणजे कन्व्हर्टर जे करतो तो अंदाज असतो, या दोन ओळी जवळजवळ आहेत, साइज सारखी आहे, तर एकच परिच्छेद असणार. अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, कधीकधी चुकतो, आणि चुकलेला कुठे आहे ते शोधणं आपलं काम.

आता तपासणी. ॲक्रोबॅट किंवा रीडरमध्ये फाइल मेनूत प्रॉपर्टीज उघडा आणि फॉन्ट्सचा टॅब बघा. तिथे फॉन्टच्या नावांपुढे 'एम्बेडेड सबसेट' दिसलं तर त्याचा अर्थ फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरं फाइलमध्ये आहेत, पूर्ण फॉन्ट नाही. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर इन्स्टॉल असायलाच हवा, नाहीतर कन्व्हर्ट झाल्यावर दुसराच फॉन्ट बसेल आणि ओळी सगळ्या हलतील. त्यामुळे ही यादी कागदावर लिहून घ्या आणि कन्व्हर्ट करायच्या आधीच फॉन्ट मिळवा. यादी पूर्ण रिकामी असेल तर मजकुराचे कर्व्ह केलेले आहेत (म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं झालीत) किंवा पान स्कॅन आहे, आणि मग कुठलाही कन्व्हर्टर तुम्हाला टाइप करता येईल असा मजकूर थेट देऊ शकत नाही, तिथे ओसीआरच, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअरच लागतं. फुकटात हवं असेल तर टेसरॅक्टमध्ये मराठीही आहे, पान ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, आणि त्यातून फक्त मजकूर घ्या, लेआउट नव्याने बांधा.

दुसरी तपासणी अगदी साधी, आणि मी ती कधीच टाळत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नीट आला तर छान. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला आहे, ज्यात देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. पडद्यावर 'मराठी' दिसतं पण आत भलतंच लिहिलेलं असतं, आणि कन्व्हर्टर ते भलतंच इमानेइतबारे आणून देतो. अशा वेळी मजकूर वेगळा काढा, जुन्या फॉन्टवरून युनिकोड करणाऱ्या टूलमधून फिरवा आणि मग लेआउटमध्ये ओता. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, मजकूर जवळजवळ बरोबर येतो. 'किती' चं 'िकती' होतं, कारण ऱ्हस्व वेलांटी पानावर अक्षराच्या आधी काढली जाते पण युनिकोडमध्ये अक्षरानंतर लिहिली जाते, आणि पीडीएफमधून बाहेर येताना ती दिसते त्या क्रमाने येते. रफार आणि जोडाक्षरांचंही असंच होतं. वरवर बघून हे कळत नाही, म्हणून पेस्ट केलेल्या मजकुरात वेलांटी आणि रफार असलेले आठ-दहा शब्द मुद्दाम शोधून बघा.

मग सॉफ्टवेअर निवडा. इनडिझाइनमध्ये प्लेस कमांडने पीडीएफ टाकली तर ती चित्रासारखीच येते, एडिट होत नाही, नवीन लोक इथेच अडकतात. त्यासाठी रेकोसॉफ्टचं पीडीएफ-टू-आयडी हे प्लगइन आहे, किंवा मार्कझवेअरचं पीडीएफमार्कझ, जे आयडीएमएल काढून देतं. क्वार्क या दुसऱ्या लेआउट सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर २०१६ च्या आवृत्तीपासून आत आणलेली पीडीएफ नेटिव्ह ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे क्वार्कमध्येच एडिट होणाऱ्या चौकटींत, बदलायची सोय आहे. ॲफिनिटी पब्लिशर पीडीएफ सरळ उघडतो आणि उघडतानाच ओळी एकत्र करून टेक्स्ट फ्रेम करायच्या का ते विचारतो, तिथे हो म्हणा. एकदोन पानांचंच काम असेल तर लिब्रेऑफिस ड्रॉ पुरतो, त्यात प्रत्येक ओळ सुटी येते पण ६.४ पासून सुट्या चौकटी एकत्र करायची कमांड आहे. माझं मत विचाराल तर वीस पानांच्या वरच्या पुस्तकाला किंवा मासिकाला ड्रॉ वापरू नका, ओळी जोडतानाच दिवस जाईल.

कन्व्हर्ट करताना सगळी फाइल एकदम देऊ नका. आधी तीन पानं द्या, एक साध्या मजकुराचं, एक टेबल असलेलं, एक फोटोंनी भरलेलं. त्या तीन पानांवर सेटिंग बदलून बघा आणि ज्यात सगळ्यात कमी सुट्या चौकटी येतात ते सेटिंग पक्कं करा, मग बाकीची पानं. ब्लीडकडेही, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर ठेवलेल्या जादा छपाईकडेही, लक्ष द्या. पीडीएफमध्ये मीडिया, क्रॉप, ब्लीड, ट्रिम अशा वेगवेगळ्या चौकटी असतात, टूलने ट्रिम धरली तर कडेचा ३ मिलिमीटरचा ब्लीड गायब होतो आणि ते कळतं थेट छापताना.

फाइल उघडली की एडिटिंगला लगेच हात लावू नका. सगळ्यात खाली एक लेयर करा, त्यावर मूळ पीडीएफचं तेच पान प्लेस करा, साधारण ४० टक्के ओपॅसिटी ठेवा आणि लेयर लॉक करा. आता कुठली ओळ सरकली, कुठला फोटो लहान झाला, हे डोळ्यांना लगेच दिसतं. देवनागरीत मात्रा सुट्या किंवा जोडाक्षरं मोडलेली दिसली तर फॉन्टला दोष द्यायच्या आधी परिच्छेदाच्या पॅनलमधल्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जोडणारी इनडिझाइनमधली सोय) निवडून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सगळं जागेवर येतं.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे पण हीच फाइल वाचवते. ओळीच्या शेवटी आलेले खोटे एंटर काढायचे असतात. ग्रेप (इनडिझाइनमधली नमुन्यावरून शोधायची सोय) वापरून पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह नसलेल्या ओळीनंतरचा एंटर शोधता येतो, पण 'सगळे बदला' वर क्लिक करू नका, कारण शीर्षकालाही पूर्णविराम नसतो आणि ते खालच्या परिच्छेदाला जाऊन चिकटेल. हायफनचंही तेच. ओळ तोडताना पडलेला हायफन आता खरा हायफन होऊन बसलेला असतो, पण सरसकट काढला तर 'दोन-तीन' चं 'दोनतीन' होतं. एकेक बघत जा. मग परिच्छेद स्टाइल बनवा, मुख्य मजकूर, शीर्षक, उपशीर्षक, फोटोओळ, आणि कन्व्हर्टरने तयार केलेल्या किंवा हाताने लादलेल्या फॉरमॅटिंगच्या जागी त्या लावा. सुट्या फ्रेम एकमेकींना जोडून घ्या आणि स्टोरी एडिटरमध्ये (तिथे लेआउटशिवाय नुसता मजकूर दिसतो) मजकुराचा क्रम वाचा, दोन कॉलमच्या पानावर डावी ओळ-उजवी ओळ असं मिसळलेलं असेल तर ते तिथेच पकडता येतं.

फोटोंबद्दल थोडंसं. पीडीएफ बनवताना फोटो लहान केलेले असतील तर गेलेले पिक्सेल कुठलाही कन्व्हर्टर परत आणत नाही, मूळ फोटो मिळाले तर तेच लावा. आणि एकच फोटो पट्ट्या-पट्ट्यांत तुटून आला तर ती पीडीएफ बहुधा पीडीएफ १.३ किंवा छपाईसाठीच्या एक्स-१ए प्रकारची आहे, त्यात ट्रान्सपरन्सी (पारदर्शकता) चालत नाही म्हणून सावल्या वगैरे सपाट करून तुकडे केलेले असतात. पट्ट्या जोडत बसू नका, पीडीएफचं ते पान हाय रिझोल्यूशनला इमेज म्हणून उघडा आणि तेवढा भाग कापून घ्या.

शेवटी आकडे, आणि इथे मी खूप आग्रही आहे कारण मला एकदा याचा चटका बसलाय. एका शालेय पुस्तिकेचं काम होतं, कन्व्हर्ट झालेली पानं सुंदर दिसत होती, शुद्धलेखन तपासलं, सगळं ठीक, आणि प्रूफच्या शेवटच्या फेरीत सापडलं की एका टेबलात १०² च्या जागी १०२ आलंय, वरचा लहान दोन खाली येऊन शेजारी बसला होता. मग शोधत गेलो तर अशा सोळा जागा निघाल्या. शुद्धलेखन तपासणी हे पकडूच शकत नाही, कारण १०२ हा काही चुकीचा शब्द नाही. तेव्हापासून घातांक, तळटिपांचे क्रमांक, अपूर्णांक, अंश आणि टक्क्यांची चिन्हं यांची पीडीएफमधून आधीच वेगळी यादी काढतो, आणि एकाने मूळ पीडीएफमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नवीन फाइलमध्ये बोट ठेवून बघायचं. एकटेच असाल तर प्रिंट काढून पेनने टिक करत जा. टेबलं पूर्ण झाली की ते प्रिंट, मूळ पीडीएफ, नवीन फाइल आणि तिची आयडीएमएल प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.